उजव्या डोळ्याचा पापुद्रा

पापुद्रा वाकडाच उगवला तर? या एका प्रश्नानं प्रीतीच्या झोपेचं पार खोबरं केलं होतं.

लेसरनं चष्मा घालवायचा हा हट्ट तिचाच. सासूबाईंनी, म्हणजे मीनाबाईंनी, आधीच बजावलं होतं, "चष्मा काय चावतोय व्हय तुला? धडधाकट डोळ्यात काड्या कशाला घालतीस?" पण प्रीती पडली बी.एस्सी. (शिकलेल्या माणसाला धोका आकृती काढून समजावला, की तो निम्मा झाल्यासारखा वाटतो.) शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी आधी उजवाच डोळा घेतला. बुबुळावरचा पातळ पापुद्रा खरवडून काढला, खाली लेसर मारला आणि वर पट्टीसारखी मऊ लेन्स ठेवून दिली.

"पापुद्रा चार-पाच दिवसांत परत धरतो," ते म्हणाले. "काठाकडून मध्याकडे. कळंब्याच्या तळ्यावर शेवाळ कसं चारी बाजूंनी आत सरकतं, तसं. मध्ये येऊन जुळताना एखादा दिवस उलट जास्तच धूसर दिसेल. घाबरायचं नाही."

प्रीतीनं शेवाळ तेवढं लक्षात ठेवलं. घाबरायचं नाही, हे विसरली.

घरी आल्यापासून तिला एकच चाळा. शेवाळ आता कुठवर आलं असेल? जेवताना सरकत असेल, की झोपेत? चारी बाजू एकाच वेळी पोचतात, की एखादी वाटेत रेंगाळते? इकडे डोळ्याला धूर लागू नये म्हणून मीनाबाईंनी घरात फोडणीच बंद केली. प्रीतीचा नवरा धम्मपाल पांढऱ्याफटक आमटीकडे बघत म्हणाला, "ऑपरेशन नक्की कुणाचं झालंय?"

"गप गिळ," मीनाबाई म्हणाल्या. "तिचा डोळा गेला तर तुझं त्वांड बघायला बी कोण न्हाय."

दुसऱ्या दिवशी डोळा जरा उघडला आणि प्रीतीनं ठरवलं, रोज घरच्या घरी तपासणी करायची. एवढंसंच ठरवलं. तपासनीस म्हणून नेमली लेक अक्षता, इयत्ता दुसरी. तिनं रोज जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पाच अक्षरं काढायची, कपाटाला चिकटवायची आणि प्रीतीनं दहा पावलांवरून वाचायची. चष्म्याची उजवी काच धम्मपालनं काढूनच टाकली होती. डाव्या काचेवर हात धरला, की झालं.

पहिल्या तपासणीला पाचपैकी पाच! प्रीतीनं शेजारच्या अंबूबाईंना खिडकीतून हाक मारून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दोनच. चौथ्या दिवशी कागदावर मुंग्या गेल्यासारखं काहीतरी.

"वाच की, मम्मी."

"वाचतेच आहे गं."

"मग आवाज कुठाय?"

प्रीतीनं मान पुढे काढली, मागे घेतली, तिरकी केली.

"शून्य," म्हणत अक्षतानं हातातली पट्टी कपाटावर आपटली.

प्रीतीनं ओळखलं, शेवाळ वाकडंच जुळलं. आता या डोळ्याला लेकीचा चेहरा जन्मभर असाच दिसणार, वाफ धरलेल्या ताटासारखा. आणि कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. उलट सगळे नको म्हणत होते.

धम्मपाल वीज मंडळातून अर्धी रजा टाकून आला आणि चौघं रिक्षात बसली. "मी म्हनलं न्हवतं?" मीनाबाईंनी सुरुवात केली, पण सुनेचा चेहरा बघून तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "रडू नगंस. त्या काचेत पानी जाईल."

डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ डोळा न्याहाळला. "पापुद्रा छान जुळलाय. वाचा बघू," म्हणत त्यांनी तिचा डावा डोळा झाकला.

प्रीतीनं भिंतीवरच्या तक्त्याच्या सातपैकी पाच ओळी घडाघडा वाचल्या आणि स्वतःच दचकली.

"झकास! अजून तो गुळगुळीत व्हायला काही आठवडे जातील. तोवर कधी स्वच्छ दिसेल, कधी धूसर."

"पण डॉक्टर, घरी तर एकही अक्षर दिसत नाही!" तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

डॉक्टरांनी तो हातभर लांब धरला. मग नाकाजवळ आणला. मग खिडकीशी गेले. शेवटी टेबलावरचं भिंग उचललं. "अहो, हे मलाही दिसत नाही. अक्षरं आहेत की तीळ सांडलेत? कुणी काढलं हे?"

"मी," अक्षता म्हणाली. "वार्षिक परीक्षा सोपी असती व्हय?"

धम्मपाल भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. मीनाबाईंनी पदर तोंडात कोंबला. प्रीतीला लेकीला धपाटा घालावा की तिचे मुके घ्यावेत, ते कळेना. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, त्यामुळे आवाजात जरा ऐट आली.

"म्हणजे माझा डोळा पहिल्यापासून ठणठणीतच होता! उगाच नाही त्या दिवशी पाचपैकी पाच पडले. बघा आई, शिकलेल्या माणसाचा निर्णय असा असतो."

मीनाबाईंनीही मान हलवली. आता अक्षता काहीतरी गोड बोलेल म्हणून प्रीतीनं तिला जवळ ओढलं.

अक्षता म्हणाली, "पण मम्मी, तवा तू बोटांच्या फटीतनं डाव्या डोळ्यानं बघत होतीस. कॉपी केलतीस म्हणूनच तर मी दुसऱ्या दिवसापासनं पेपर अवघड काढला."