कंपाउंड किती टिकेल?

मुलगी बघायला जाऊन होकार खिशात घालून यायचं, यात आपला हात धरणारा कोणी नाही, अशी केडगावच्या करणची पक्की खात्री होती. का नसावी? वापरलेल्या अणुइंधनातून कामाचा माल परत काढायला जी रसायनं लागतात, ती किरणांच्या माऱ्यात टिकतील की फुटतील, हे हा पठ्ठ्या प्रयोगाआधीच कॉम्प्युटरवर सांगायचा! निकिताशी तर फोनवर सगळं जुळलंच होतं. आता घोडेगावात तिच्या वडिलांचा, रंगनाथरावांचा, होकार तेवढा बाकी होता.

पोहे आले.

"पाव्हणं, काम काय करता?" रंगनाथरावांनी विचारलं.

"मामा, कोणतं कंपाउंड किती मारा सोसेल, ते मी आधीच सांगतो!"

रंगनाथराव बशी ठेवून उठलेच. "आन् त्ये खरं निघतं?"

"शंभरात पंच्याण्णव वेळा!"

"लई झ्याक! चला, आमचं बघा."

घरामागं विटांची नवीकोरी भिंत उभी होती. पलीकडून जनावरांच्या बाजाराची वाट. करणच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. मामांचं कंपाउंड हे होतं! तो तोंड उघडणार, तोच रंगनाथरावांनी निकिताच्या आईला हाक मारली.

"मुक्ता, असाच जावई पायजे हुता! गवंड्यानं आपल्याला तीनदा फसिवलं. आता फसवून दाखव म्हनावं!"

हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतो? करणनं भिंतीवर टिचक्या मारल्या, कान लावला, मोबाईलवर उगाच आकडे दाबले.

"वीस वर्षं हलायची नाही!"

मागं उभ्या निकितानं डोळे वटारले. पण उशीर झाला होता.

तेवढ्यात पलीकडून एक म्हैस आली. ती धडकली नाही, बुजली नाही. बिचारीच्या पाठीला खाज सुटली होती, एवढंच! तिनं दोनदा अंग घासलं आणि करणची वीस वर्षं धाडदिशी आडवी झाली.

धूळ बसली तेव्हा म्हैस आत होती आणि करणचा चेहरा रडवेला झाला होता. हातची निकिता गेली!

"मामा, चुकलो! माझं कंपाउंड म्हणजे रसायन हो. त्याचे कण इतके बारीक, की डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत!"

रंगनाथरावांनी विटांच्या ढिगाकडं पाहिलं.

"मंग आमचं तरी आता कुठं दिसतंय?"

निकिता खुदकन हसली, मुक्ताबाई हसल्या आणि शेवटी रंगनाथरावही. होकार मिळाला, पण अट घालून. साखरपुडा भिंत उभी राहिल्यावर!

तेव्हापासून करण दर रविवारी घोडेगावात विटा वाहतो. भिंत किती टिकेल, असं कोणी विचारलंच, तर म्हशीकडं बोट दाखवतो.