सात वेळा बेल वाजवा!

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझ्या चहाच्या समोवारला भोक पडो!

लेनिनग्राडमध्ये आमच्या फ्लॅटात सात बिऱ्हाडं, एक स्वयंपाकघर, एक संडास आणि दाराला बेल एकच. एकदा वाजली की ग्लाफिराचा पाहुणा, दोनदा वाजली की सुताराचा... माझी खोली अगदी शेवटची, म्हणून माझ्या सात! दुसऱ्याच्या बेलला दार उघडायचं नाही, हा कायदा! त्यावरून एकदा कढया उडाल्या होत्या. पहिली मी नव्हती फेकली.

तर पोर्फिरी. ट्रामचा कंडक्टर, विधुर, सगळे दात स्वतःचे! रविवारी मला मागणी घालायला येणार होता. मी असा बेत आखला की मंत्रीसुद्धा सुटला नसता! हेरिंग मासा, उकडलेले बटाटे, पायात ग्लाफिराचे उसने बूट. त्याला बजावलं होतं, "सात वेळा वाजवा हं!"

चार वाजता बेल वाजली. एकदा.

ग्लाफिराची! मी हललेसुद्धा नाही.

बटाटे गार झाले. बूट चावायला लागले. आणि भिंतीपलीकडे ही ग्लाफिरा खिदळतेय, कोंबडीला कुणी गुदगुल्या कराव्यात तशी!

तेवढ्यात बेल! तीन... पाच... सात! धावत जाऊन दार उघडलं आणि मिठीच मारली. "आलात एकदाचे, माझ्या राजा!"

"अहो बाई, सोडा! मी इमारतीचा मॅनेजर! तुमच्या माशाच्या वासाची तक्रार आलीये!"

"कुणी केली?"

"ग्लाफिराबाईंनी. सकाळीच!"

आरडाओरडा ऐकून सगळी दारं उघडली. ग्लाफिराचंही. आत टेबलाशी पोर्फिरी! मिशीला केकचं क्रीम. माझ्यासाठी आणलेल्या केकचं!

"अहो, तुम्ही इथे?"

"काय करू, कापितोलिना? बेल अडकली! एकदाच वाजली!"

"मग काय त्यांना जिन्यात गारठू देऊ?" ग्लाफिरा म्हणाली. "ये ना तूही. केक उरलाय थोडा."

महिन्याभरात त्यांचं लग्न झालं. बूट तेवढे तिने आदल्या दिवशी परत मागून नेले.

सगळं खरं हो! फक्त ते बेल अडकल्याचं मी घातलंय. अडकली असती तर मॅनेजरने सात वेळा कशी वाजवली असती? पोर्फिरी तर नुसता मिशी पुसत होता.