पंचेचाळीस की अडतीस?

“रिव्हॉल्वर घेईन तर पंचेचाळीस कॅलिबरचंच! त्याखालचं मी हातात धरणार नाही!” बंदुकीच्या दुकानात काउंटरवर मूठ आपटून एमेटनं जाहीर केलं, आणि ठणकणारं मनगट हळूच खिशात घातलं.

त्याची बायको अर्लीन जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून एमेट घराबाहेर पडायचा तो फक्त कुत्र्याचं खाणं आणायला. त्यामुळे जुन्या काउबॉयसारखी हॅट घालून रिव्हॉल्वरनं नेम धरायच्या शनिवारच्या खेळाला जातो म्हणाला, तेव्हा त्याची मुलगी ग्रेटा हरखली आणि घाबरलीही. एकटा बाप, रिकामं घर, त्यात रिव्हॉल्वर! म्हणून ती दुकानात सोबत आली.

“बाबा, अडतीसचं घ्या ना. तुमचं मनगट...”

“अडतीस? ते काय उंदीर मारायला?”

“लोखंडी पाट्या वाजवायच्यात रे, रानगवे नाही मारायचे,” दुकानदारीण नॅडीन म्हणाली. “अडतीसचा झटका कमी. तुझ्या हाताला तेच सोसेल.”

पण एमेटनं पंचेचाळीसच घेतलं.

शनिवारी वायोमिंगचं वारं नेहमीसारखं पिसाळलेलं होतं. एमेट हॅट सावरत नेमबाजीच्या मैदानावर रेघेशी उभा राहिला. अंगठ्यानं घोडा मागे ओढला, चाप दाबला. दण्णकन आवाज झाला! पाटी जागची हलली नाही. रिव्हॉल्वरनं मात्र हातात उसळी घेतली आणि थेट मालकाच्याच कपाळावर येऊन आदळलं. भळाभळा रक्त! एमेट मटकन खाली बसला.

गावात बातमी वाऱ्याच्याही पुढे धावली. मैदानावरून निघाली तेव्हा ती ‘एमेटच्या कपाळाला लागलं’ अशी होती. पेट्रोल पंपापाशी ‘एमेटला कपाळात लागली’ झाली. ग्रेटाच्या बेकरीत पोचली तेव्हा ‘एमेटनं कपाळात मारून घेतली’!

ती ॲप्रनसकट, पिठाच्या हातांनी गाडी हाकत आली. तर बाप बाकावर बसलेला, कपाळाला ही मोठी पट्टी, हातात ॲपल पायचा तुकडा.

“अगं, किती छान झालाय, घे थोडा!”

ग्रेटा तिथंच धुळीत बसली. “मला वाटलं, तुम्ही...”

एमेटचा घास तोंडातच राहिला. “तुला असं वाटलं?”

“वर्षभर वाटतंय, बाबा! रोज सकाळी फोन करते, तो काय थंडी किती पडलीय ते विचारायला?”

आणि तो रोज तिला थंडीच सांगत आला होता! एमेट कण्हत कण्हत तिच्याशेजारी धुळीत उतरला. तिचा पिठाळ हात हातात घेतला.

“अर्लीनची आठवण येते गं, फार येते. पण मला जायचं नाही अजून. ऐकतेस ना? मला इथंच राहायचंय.”

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. तोही रडला. लोकांनी टोप्या नीट करायचं निमित्त काढून पाठी फिरवल्या.

सोमवारी एमेट एकटाच नॅडीनकडे गेला. पंचेचाळीस काउंटरवर ठेवलं, घसा खाकरला.

“हे बदलून अडतीसचं दे. म्हणजे, मला नाही हं! मुलीला हवंय.”

नॅडीननं मान वरही न करता कपाट उघडलं. “सगळे मुलीसाठीच नेतात. परवा आपले पाद्रीबाबाही घेऊन गेले. त्यांना तिन्ही मुलगेच आहेत.”