मास्तरांचे पाय पुढे

अमृत मास्तरांनी पुढचा ब्रेक दाबला, आणि तो दाबायला नको होता हे त्यांना हवेत असतानाच कळलं. पासलीच्या वर धनगरवाड्यावर शाळा चालवणारे हे मास्तर गेली तीन वर्षं मुलांना बजावत आले होते, "उतारावर आधी मागचा ब्रेक, मग पुढचा." भाद्रपदातलं शेवाळ मात्र कुणाचं ऐकत नाही. जाड चाकांची गिअरची सायकल ओल्या कातळावरून आडवी घसरली, मास्तर तिच्याआधी खाली पोचले, आणि मग सायकल त्यांच्या उजव्या पायावर येऊन आदळली.

आवाज ऐकून वाड्यावरचा सावळा धावत आला. त्यानं आधी मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायाकडे, आणि डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"मुंडासं कशाला काढतोस? जिवंत आहे मी."

"दिसतंय की. पर पाय लई वंगाळ दिसतुया."

गुडघ्याखाली पाय भलतीकडेच वळला होता. मास्तरांनी बोटं चाचपली. गार. मुलांना प्रथमोपचार शिकवताना ते फळ्यावर लिहून देत असत: बोटं गार आणि निळी पडली, म्हणजे रक्त पोचत नाही. सहा तासांत दवाखाना गाठा, नाहीतर पाय जाईल. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"सावळा, तीनच्या आत भोर गाठायचं. नाहीतर हा पाय कापतील."

सावळानं हाक मारली तसे सोनबा, गोरख आणि चिमाजी आले. वाड्यावरचा आजारी माणूस कुणाच्या तरी पाठकुळी खाली जाई. चौघांच्या खांद्यावरून जाण्याचं कारण एकच असे, आणि ते चौघे म्हणजे हेच. दोन बांबू आले, घोंगडी आली. सावळानं पायाच्या दोन्ही अंगांना कामट्या लावून दोरी आवळली आणि हात थांबेचनात म्हणून तसाच वर सरकला.

"अरे, हात कशाला बांधतोस माझे?"

"सवय हो, मास्तर." सावळानं ओशाळून ती गाठ सोडली. "पायाची मातूर ऱ्हाऊ द्या."

उतारावर डोकं वर हवं, म्हणून पाय पुढे करून निघाले. वरून झड लागली होती. चिमाजीनं प्लास्टिकचा कागद मास्तरांच्या तोंडावरून ओढला.

"तोंडावरचं काढ रे!"

"भिजून ताप आला, तर डाक्तर आमास्नीच बोलंल. गप पडा."

"मग जरा भरभर तरी चला."

"न्हाई जमायचं. वजं घेतलं की आमची पावलं ह्याच चालीनं पडत्यात. चाल मोडली की घसरतंय."

गोरखनं मोडून पाहिली. चौघे आणि मास्तर असे पाचही जण दहा फूट बसूनच खाली आले. मग पुन्हा कुणी घाई केली नाही.

अर्ध्या वाटेवर सपाट दगड आहे. तिथं कुणी काही न बोलता मास्तरांना खाली टेकवलं, पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले. चिमाजी तर सवयीनं जीवखडा उचलायला वाकला. कागदाखालून मास्तरांनी त्याच्या नावानं खच्चून हाक मारली, तेव्हा सरळ झाला.

खाली भातखाचरात तण काढणाऱ्या सगुणाबाईनं हे सगळं पाहिलं. चौघे जण, पुढे पाय, तोंडावर कागद, दगडावर विसावा, खांदेपालट. आणखी कुणाला काय विचारायचं?

साडेअकराला ते डांबरी रस्त्यावर पोचले. सगळं गाव माना खाली घालून उभं होतं. पप्पूची जीप जिथं रोज असते, तिथं नुसतं तेल सांडलेलं होतं.

"जीप कुठं गेली?" सावळानं विचारलं.

सगुणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "सामान आणाया धाडली वेल्ह्याला. लई गुनाचं हुतं मास्तर."

"होतं काय? आहे!" कागद बोलला.

सगुणाबाई चिखलातच बसली. दोघं-तिघं पळाले, ते देवळापाशी जाऊन थांबले.

"बाई, फोन करून जीप माघारी बोलवा."

"आभाळ भरलं की हितं रेंज कुठली? कामथडीला तुमच्या घरी द्यायचा सांगावा बी पप्पूकडंच दिलाय. उद्या शाळा न्हाई, म्हनून हितनं वर जानाऱ्या पोरास्नी बी सांगितलं."

"मुलं काय म्हणाली?"

सगुणाबाईनं दुसरीकडे पाहिलं. "रडली की. थोडी."

मोटरसायकलवर पाय वाकेना, एसटीला अजून दोन तास होते. मास्तर बोटं चाचपत राहिले. ती आता आपलीच आहेत की कुणा दुसऱ्याची, तेही कळेनासं झालं होतं.

एकला जीप आली. टपावर बांबू, मागे लाकडं आणि गोवऱ्या, पुढच्या सीटवर मडकं आणि पांढरं कापड. हे सगळं उतरवायला अर्धा तास गेला असता. मडक्याशेजारी मास्तरांचा पाय मावेना, म्हणून त्यांना लाकडांवरच आडवं केलं. "अवघडू नका, मास्तर," पप्पू म्हणाला, "तुमचंच सामान हाय."

कापूरहोळच्या चौकात ट्रकांची ही रांग लागली होती. टपावरचे बांबू पाहताच ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या. धाब्यावरच्या एकानं हात जोडले. मास्तरांनीही शिष्टाचार म्हणून उलट हात जोडले. त्या माणसानं धाब्यात धूम ठोकली.

तीनला दहा कमी असताना ते भोरच्या दवाखान्यात पोचले. दोन बोटं गेली. पाय राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. "हा पाय कुणी बांधला होता? एवढ्या खडबडीत वाटेवर हाड केसभर हललेलं नाही. हललं असतं, तर सहा तास काय, दोन तासही पुरले नसते."

सोनबानं सावळाला पुढे ढकललं.

"कुठं शिकलात हे?"

"शिकलो न्हाई, सायेब. वाड्यावर म्याच बांधतो."

"आजवर किती जणांना बांधलंय?"

सावळानं बोटांची पेरं मोजली. "चाळीसभर असत्याल."

"वा! आणि सगळे व्यवस्थित?"

सावळानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"तक्रार कुनाचीच आली न्हाई, सायेब," सावळा म्हणाला.