नववी बमध्ये तीन वर्तमानपत्रे झुंजली त्याची हकीकत

शाळेच्या दप्तरी सत्य तेवढे उरावे, पदरचे काडीमात्र मिसळू नये, या कारणें नववी बचे मोहिमेची हकीकत लिहिली ऐसीजे.

ते समयी राजमान्य राजश्री नागरिकशास्त्राचे मास्तर वर्गावर चालून गेले. हुजूर मुख्याध्यापिकाबाईंचे फर्मान सुटले होते की, आज पोरे बातम्या पारखून दाखवतील तर मास्तरांचा शुक्रवारचा तास कायम, न दाखवतील तर तो गणितास इनाम. मास्तर धास्तावले, कारण आठवड्यात तोच एक तास त्यांचा जीव की प्राण. मग त्यांनी तीन मुलखांच्या वर्तमानपत्रांतील एकच बातमी आपल्या भाषेत उतरवून तीन रांगांस वाटली. भर समुद्री दोन जहाजांची टक्कर जाहली होती. पहिला मुलूख लिही, 'त्यांनी ठोकले', आणि दुसरा लिही, 'तेच आडवे आले', आणि तिसरा, जो फार दूर होता, तो लिही, 'आमची केळी बुडाली'.

येथे मसलत चुकली. ज्या रांगेस जो कागद दिला, ती रांग त्याच मुलखाची फौज बनली. मग खिडकीची रांग दाराच्या रांगेवर तुटून पडली, आणि मधली रांग केळ्यांपायी हातघाईस आली, आणि डस्टर उडाले ते थेट दारात उभ्या हुजुरांच्या पायाशी. मास्तरांचे तोंडचे पाणी पळाले.

हुजुरांनी जाब पुसला. खिडकी म्हणे, दाराने मारले. दार म्हणे, खिडकीने आधी ढकलले. मधली रांग म्हणे, आमचे डस्टर गेले.

तोच मागल्या बाकावरील चष्मेवाली, जी वर्षभर चकार शब्द न काढी, उठून बोलली, "बाई, ही तर जहाजांचीच बातमी झाली! तिघंही आपापल्या बाकावरून सांगतायत. जुळतं तेवढं फळ्यावर लिहू, आणि कोणी काय गाळलं ते शेजारी."

मग लिहिले. जुळले इतुकेच की डस्टर उडाले. गाळलेल्यात खिडकीचे ढकलणे निघाले, आणि दाराचे मारणे निघाले, आणि डस्टर फेकले कोणी, हे मधल्या रांगेने साफ गिळले होते. हुजूर खदखदून हसल्या, आणि शुक्रवारचा तास मास्तरांस कायम जाहला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते.

हे लिहिणार गणिताचे मास्तर. आम्ही मागल्या दाराच्या फटीतून पाहिले. तो तास आम्हांस मिळायचा होता. सबब वर जेथे जेथे मास्तर घाबरले ऐसे लिहिले आहे, तेथे चष्मेवालीस विचारून खात्री करावी.