रांग मोडलेली तबकडी

आमच्या चाकणच्या वर्कशॉपचा माल परत येत नाही, हे अख्ख्या एमआयडीसीला ठाऊक आहे! आमचा होल जागेवर म्हणजे जागेवर. अहो, आम्ही चहाचे कपसुद्धा रांगेत ठेवतो!

म्हणूनच अरुंधती मॅडम माझ्याकडे आल्या. त्यांच्या प्रयोगशाळेला बारीक होल मारलेल्या सिरॅमिकच्या तबकड्या हव्या होत्या. मोबाइलच्या लहरीहून बारीक आणि उजेडाहून जाड अशी टेराहर्ट्झ नावाची लहर त्यात अडवायची होती. ड्रॉइंग उघडलं आणि कपाळाला हात लावला. होल कसे, तर सांडलेल्या साबुदाण्यासारखे!

"फाईल बिघडलीय," मी आमच्या क्वालिटीवाल्या कुसुमताईंना म्हणालो. "मॅडमना कशाला त्रास? आपणच नीट करू."

केलं! रांगा अशा, की कवायतीच्या पोरांनी लाजावं. कुसुमताईंनी कौतुकाने शिक्का मारला.

माल पोचला आणि मॅडमचा फोन आला. "मधुसूदनराव, होल रांगेत का घेतलेत? रांगांमधून लहर निसटतेय! मला विस्कळीत मांडणीच हवीय."

माल परत! आमचा! मला जेवण जाईना.

"विस्कळीत पाहिजे ना? घ्या!" मी सगळ्या शॉपला बोलावलं. ज्याला जिथं वाटेल तिथं त्याने होल मारावा! टेम्पोवाल्या जयसिंगने मारला. चिमाबाई झाडू टेकवून आल्या, एक मारून गेल्या.

पुन्हा फोन. "अहो, हा गोंधळ तुमचा आहे, माझा नाही! माझ्या प्रत्येक होलची जागा गणिताने ठरलीय. फार जवळ नको, फार लांब नको!"

मग मुकाट्याने ड्रॉइंगप्रमाणे केलं. कुसुमताईंनी भिंगाखाली तपासलं. "साहेब, एकूण एक होल वेड्यावाकड्या जागी हाय, आणि एकदम बरोबर हाय!"

प्रयोगशाळेत लहर कुठल्याही कडेने सोडली, तरी पलीकडे गेली नाही! मॅडम म्हणाल्या, "इतक्या शिस्तीत बेशिस्त कुणीच करून दिली नव्हती." काय सांगू, छाती फुगून शर्टाचं बटण तुटलं! एक तबकडी जादा बनवली होती, ती मी दारातच शोकेसमध्ये ठेवली.

पुढच्या आठवड्यात एका गाड्यांच्या कंपनीचे हिंदुराव तपासणीला आले. शोकेसपाशी थांबले. मी मान ताठ केली. त्यांनी तबकडी उचलली, उजेडात धरली आणि शांतपणे नेऊन रिजेक्ट मालाच्या लाल पेटीत टाकली.

"राव, असला माल दारात मांडता?"

त्यांची काय चूक! महिन्यापूर्वी मीही तेच केलं असतं.