अटकेचा आहेर

आमच्या कुरणपेठेत हवालदाराला पगार नाही. त्याला अटकेमागे फी मिळते, आणि ती मंजूर करणारा नगरपालिकेचा कारकून मी. नियम दोनच. गुन्ह्याशिवाय अटक नाही, आणि हवालदाराच्या नातेवाइकाच्या अटकेची फी नाही.

गाव मुळात सरळ. म्हणून अडीनडीला लोक आपणहून अटक होतात. भिकाजी पायगुडे हवालदारांचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा अख्खी शिंपी आळी डबलसीट सायकलींवरून चौकीसमोर चकरा मारत होती. माझे सासरे तर केवळ सुपारी थुंकायला बारा मैलांवरून आले. शेजारधर्म, दुसरं काय!

एकदाही अटक न झालेलं माणूस गावात एकच. भिकाजींची लेक शालन. आई लहानपणीच गेली, पोर चौकीत वाढली. सगळ्यांच्या अटकेचे कागद तीच लिहायची, अक्षर मोत्यासारखं. पण हवालदाराच्या लेकीची फी मी मंजूर करणार कशी? सात वर्षांची असताना तिनं बेडीसाठी भोकाड पसरलं होतं. भिकाजी म्हणाले होते, "बाळा, फुकट अटक केली की हात बिघडतो."

तर तिचं लग्न ठरलं. पत्रिकेत खाली स्पष्ट छापलं, 'आहेर अटकेच्या स्वरूपात स्वीकारला जाईल.' मांडव चौकीसमोर. सकाळपासून पाहुणे गुन्हे घेऊन येत होते. कुणी दुसऱ्याच्या चपला घातल्या, कुणी पाटी वाचून मुद्दाम तिथंच गाडी लावली. शालनच्या मानलेल्या मामांना कुंकू लावून बेडी घातली, तेव्हा सनईवाल्यानं चाल बदलली.

मुहूर्त सव्वाबाराचा. पावणेबाराला वरबाप रुसले.

वरबाप म्हणजे शेजारच्या तालुक्यातले निवृत्त हेडमास्तर हैबतराव काटकर. तिकडे पोलिसांना पगार असतो. अटक म्हटलं की ही मंडळी अपमान समजतील, असं धरून भिकाजींनी वरपक्षातल्या एकालाही हात लावला नव्हता. आणि नेमकं तेच नडलं.

"पस्तीस माणसं घेऊन आलोय," हैबतराव म्हणाले. "मुलीच्या मामाला बेडी, आचाऱ्याला बेडी, आणि आम्ही काय इथं केळी सोलायला आलोय? चला रे, गाडी काढा!"

भिकाजींच्या तोंडचं पाणी पळालं. अंतरपाटामागे शालन पांढरीफटक पडली. मी भिकाजींना बाजूला घेतलं. "घाई करा. अक्षता पडल्या की ते नातेवाईक. मग फी नाही, आणि फी नाही तर कसला मान?"

"व्याहीबुवा, चुकलो," भिकाजींनी हात जोडले. "आत्ता अटक करतो. तुमचा गुन्हा सांगा."

इथं सगळं अडलं. हैबतराव विचार करकरून घामाघूम झाले. आयुष्यात गुन्हाच नाही! बारा वाजून पाच झाले. भटजी माझ्याकडे असे बघत होते जणू नियम मीच जन्माला घातलाय.

शेवटी हैबतरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून खडूचा तुकडा काढला. "निवृत्तीच्या दिवशी चुकून आला," ते हळूच म्हणाले. "शाळेचा आहे. अकरा वर्षं झाली. परत द्यायची लाज वाटली, टाकवला पण नाही."

"सरकारी मालमत्तेचा अपहार!" भिकाजी आनंदानं ओरडले. मांडवात टाळ्या पडल्या. एवढा वजनदार गुन्हा कुरणपेठेत कुणी आणलाच नव्हता. मुंडावळ्या बांधलेल्या शालननं उभ्याउभ्या कागद लिहिला, मी सही केली, आणि बेडी घातलेल्या हातांनी हैबतरावांनी अक्षता टाकल्या. मुहूर्त तीन मिनिटांनी वाचला.

संध्याकाळी गाडी सजून उभी राहिली. हैबतरावांना जामीन मीच राहिलो होतो. शालन बापाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडत होती. गाडीत बसायचं नाव नाही. भिकाजी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होते.

तेवढ्यात हैबतराव गाडीतून उतरले. "व्याहीबुवा, मामांना अटक, आम्हाला अटक, आणि काटकरांच्या सुनेला नाही? ही गाडी हलायची नाही."

"गुन्हा?" भिकाजींनी विचारलं.

"सासरी जाण्यास विलंब. मी फिर्याद देतो."

शालननं डोळे पुसले आणि स्वतःच कागद पुढं ओढला. मी म्हटलं, "भिकाजीराव, आज फी बसते बरं का. आडनाव बदललं, घर बदललं. लोक म्हणतातच, दिल्या घरची लेक. मी डोळे झाकून मंजूर करतो."

शालन लिहितालिहिता थांबली. "बाबा, 'आरोपीशी नातं' इथं काय लिहू?"

"मुलगी," भिकाजी म्हणाले.

"मग फी नाही मिळायची," मी बजावलं.

"नकोच."

त्यांनी बेडी काढली, उपरण्यानं पुसली आणि तिच्या हिरव्या चुड्यावर अलगद बसवली. शालन रडतारडता हसायला लागली. सुनेला सकाळपर्यंत कुणी जामीन राहायचं नाही, असं हैबतरावांनी जाहीर केलं आणि वऱ्हाड मांडवातच गाद्या घालू लागलं.

मी कागदावर 'फी नामंजूर' असा शेरा मारला. डोळे भरून आल्यामुळे तो जरा वाकडा पडला आहे, पण वाचता येतो.